बोलण्याआधी सांगणे: स्वमग्न मुलाच्या आईचा अनुभव

कृष्णाकाठ

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि पुढच्या वर्षी तो १८ वर्षांचा होईल. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण आपल्याविषयी चारचौघांत काही लिहिले जावे की नाही, हे त्याला विचारून उत्तर मिळण्याइतका संवाद आमच्यात अजून होत नाही. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन घरांत लहान मुलांचे निदान झाले आणि दोघांच्याही आयांनी मला फोनवर पहिला प्रश्न एकच विचारला: "तुमचा मुलगा बोलायला कधी लागला?" त्याचे उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात सांगायचे तर तो आजही फारसे बोलत नाही. मोजके शब्द येतात, तेही घरच्यांनाच समजतात. मात्र आपल्याला काय हवे, काय नको, कुठे दुखते आहे आणि आज कुठे जायचे नाही, हे तो रोज सांगतो. ही दोन विधाने ज्यांना परस्परविरोधी वाटतात, त्यांच्यासाठी पुढचे लिखाण आहे.

दीड वर्षाचा होईपर्यंत तो 'मम', 'भू', 'काका' असे शब्द म्हणत होता. नंतर ते एकेक करून गेले. घरात त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. "मुलगे उशिराच बोलतात", "याचे वडील चार वर्षांपर्यंत तोंड उघडत नव्हते, आता बघ" अशी उदाहरणे प्रत्येक पाहुण्याकडे तयार होती. मला मात्र शब्दांपेक्षा दुसरीच गोष्ट खटकत होती. फडताळातला डबा हवा असला की तो माझे मनगट धरून मला ओढत नेई, माझा हात उचलून कडीवर ठेवी आणि त्या सगळ्या वेळात एकदाही माझ्या तोंडाकडे पाहत नसे. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी रस्त्यावरच्या म्हशीकडे बोट दाखवी आणि लगेच आईकडे वळून बघे, म्हणजे आईलाही ती दिसली की नाही याची खात्री करून घेई. आमच्याकडे ते बोट नव्हते.

डॉक्टर ज्या खुणांकडे लक्ष द्यायला सांगतात, त्यांत हेच असते. वर्षाच्या सुमारास बडबड किंवा हातवारे नसणे, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडता न येणे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही वयात आलेली भाषा नाहीशी होणे. ही शेवटची खूण दिसली तर कोणी कितीही धीर दिला तरी थांबू नये. मिरजेला डॉक्टरांची वाण नाही. कानांची बेरा तपासणी तिथेच झाली आणि ऐकू नीट येते हे कळले, पण विकासात्मक बालरोगतज्ज्ञांसाठी आम्हाला पुणे गाठावे लागले. त्या काळी कोयना एक्सप्रेसच्या डब्यातला पंखा हा आमच्या मुलाचा एकमेव आवडता सहप्रवासी होता. आजच्या पालकांना एक सोय अधिक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. त्याअंतर्गत अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि जिल्हा पातळीवर मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे, 'डीईआयसी' या नावाने ओळखले जाणारे केंद्र असते. खासगी दवाखान्याची फी परवडत नसेल तर तिथे जरूर चौकशी करावी.

निदानानंतर घरात सुरू झाली ती कारणांची शोधाशोध. ग्रहण पाळले नव्हते, टीव्ही लावून जेवू घालत होते, पाळणाघरात ठेवले होते, असे एकेक निघत गेले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकशास्त्रापुढे मांडली. पुढची कितीतरी वर्षे पाश्चात्त्य देशांतली मोठमोठी माणसे, आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते, असे ठामपणे सांगत होती. शिकागो विद्यापीठातले ब्रूनो बेटलहाइम हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली हे मत पुराव्यानिशी खोडून काढले आणि कारण मेंदूच्या घडणीत शोधायला हवे असे मांडले. म्हणजे आमच्या आत्याबाई "नोकरी करणाऱ्या बायांच्या पोरांचं असंच होतं" म्हणाल्या, त्या वेळी त्या नकळत शिकागोच्या एका प्राध्यापकाचीच री ओढत होत्या. लसीचेही तसेच. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी ती शंका अजून लग्नाच्या पंगतीत ऐकू येते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सुरुवातीला आम्ही जिथे वाचा-उपचारांसाठी जात होतो, तिथली पद्धत अशी होती की मुलासमोर पाण्याचा पेला धरायचा आणि "पाणी म्हण" असे सांगत राहायचे. त्याने काहीतरी ध्वनी काढल्याशिवाय पेला द्यायचा नाही. घरीही तसेच करा, असा आदेश होता. उन्हाळ्यात तहानलेल्या मुलाने हंबरडा फोडायचा आणि आपण पेला उंच धरून उभे राहायचे, हे मला पटले नाही. त्याच्या घशातून तो शब्द हवा तेव्हा निघत नाही, एवढे आईला दिसत होते. बोलता न येणे ही त्याची अडचण होती, पण 'मला काय हवे आहे हे समोरच्या माणसाला कळवता येते' ही गोष्टच त्याला ठाऊक नसणे ही त्याहून मोठी अडचण होती. पेला रोखून धरल्याने ती सुटत नव्हती.

पुढे एका स्पेशल एज्युकेटर बाईंनी चित्रांची देवाणघेवाण शिकवली. ही पद्धत अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली बसवली. ती घरी कशी केली ते जरा तपशीलवार लिहिते, कारण ऐकायला सोपी वाटते आणि तिथेच ती फसते. सुरुवात त्याला सर्वांत प्रिय असलेल्या वस्तूने करायची असते, आणि आमच्या घरात ती वस्तू म्हणजे भडंग. छापील चित्र न घेता आम्ही घरातल्याच वाटीतल्या भडंगाचा फोटो काढला, झेरॉक्सच्या दुकानातून तो लॅमिनेट करून घेतला आणि मागे वेल्क्रो चिकटवला. मी वाटी घेऊन समोर बसले आणि माझे यजमान त्याच्या मागे बसले. त्याने वाटीकडे हात नेला की यजमान काही न बोलता त्याचा हात फोटोवर नेत, फोटो उचलायला लावत आणि माझ्या तळहातावर ठेवायला लावत. फोटो हातात पडताच मी "भडंग!" म्हणून चिमूटभर भडंग देत असे. चिमूटभरच, कारण वाटीभर दिले तर त्याला पुन्हा मागायचे कारण उरत नाही. "काय पाहिजे?" असा प्रश्न मुळीच विचारायचा नाही, हा सर्वांत कठीण नियम होता. प्रश्न विचारला की मूल फक्त उत्तर देते, आणि आपल्याला हवी होती ती त्याची स्वतःची सुरुवात.

मागून हात धरण्याची गरज हळूहळू कमी झाली. मग मी दोन पावले लांब बसू लागले, नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि मग स्वयंपाकघरात. एके दुपारी मी पोळ्या लाटत असताना तो भडंगाचा फोटो घेऊन आला, माझी पाठ होती म्हणून त्याने माझा पदर ओढला, आणि मी वळल्यावर माझ्या पीठ लागलेल्या हातात फोटो ठेवून माझ्या तोंडाकडे पाहिले. तीन वर्षांत त्याने माझे मनगट असंख्य वेळा ओढले होते, पण काही सांगण्यासाठी मला शोधत तो पहिल्यांदाच आला होता.

खाऊची चित्रे सगळेच करतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे चित्र 'नको' हे आहे, आणि बहुतेक घरांत तेच नसते. आम्ही लाल फुलीचे कार्ड केले आणि घरात असे ठरवले की ते दाखवल्यावर जे थांबवता येण्यासारखे असेल ते तत्काळ थांबवायचे. कटिंगचे उदाहरण देते. केस कापणे म्हणजे आमच्याकडे चार माणसांनी धरून करायची गोष्ट होती. कार्ड आल्यावर मशीन कानाजवळ आले की तो फुली दाखवी, कारागीर मशीन बंद करी, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करी. सुरुवातीला एका बैठकीत अर्धेच डोके व्हायचे आणि लोक हसायचे, हे खरे आहे. पण आपण थांबा म्हटले की समोरचा थांबतो याची खात्री पटल्यावर त्याचे ओरडणे गेले. आता तो आरशासमोर स्वतः जाऊन बसतो, फक्त मशीनऐवजी कात्री लागते.

दुखण्याचे चित्र तर मी प्रत्येक पालकाला करायला सांगेन. मुलगा मोठा झाल्यावर काही दिवस स्वतःच्या गालावर बुक्के मारू लागला होता. एका ठिकाणी त्याला 'वर्तनसमस्या' म्हणून औषध सुरू करण्याचा सल्ला मिळाला. आमच्याकडे शरीराच्या रेखाचित्राचा एक तक्ता होता, त्यावर त्याने दातावर बोट ठेवले. मागची दाढ किडली होती. औषधे काही मुलांना खरोखर लागतात, त्याविषयी माझी तक्रार नाही, पण तो तक्ता नसता तर दाढेवर गोळी वेगळीच मिळाली असती.

बाकी गोष्टी थोडक्यात लिहिते. मिक्सर आणि कुकर लावण्याआधी आम्ही त्याचे चित्र दाखवतो, म्हणजे आवाज अचानक येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत तो हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, कामगार वापरतात तसले कानावरचे झाकण घालतो आणि ढोल-ताशा गच्चीवरून पाहतो. एका शाळेने "इतर पालकांची तक्रार आहे" असे सांगून त्याला काढले, त्या काळी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आलेला नव्हता. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता, नव्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, आणि ४० टक्क्यांहून कमी नसलेल्या दिव्यांगत्वाच्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्यांची मुले आता शाळेत जाणार आहेत, त्यांनी ही माहिती बरोबर ठेवावी. स्टेम सेलच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वमग्नतेवर ते मान्यताप्राप्त उपचार म्हणून बसत नाहीत, आणि त्यांचा खर्च एका घराची पुंजी संपवण्याइतका असतो.

कोणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.

वाटसरू

ताई, लेख दोनदा वाचला. आम्ही लातूर जिल्ह्यातले, मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे आणि निदान होऊन फार काळ झालेला नाही. दोन शंका आहेत. पहिली अशी की चित्रांची सवय लागली तर मूल बोलण्याचे कष्ट घेणार नाही, असे आमच्या घरातल्या सर्वांचे म्हणणे आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही तशी भीती वाटते. दुसरी शंका भाषेची आहे. ज्यांच्याकडे आम्ही थेरपीसाठी जातो, त्यांनी घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलायला सांगितले आहे, कारण पुढे शाळा इंग्रजीच असणार आणि दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो. माझी आई आणि मुलाची दुसरी आजी एकाच घरात आहेत आणि दोघींनाही इंग्रजी येत नाही. त्यामुळे गेल्या काही आठवड्यांत आई नातवाशी बोलायचीच बंद झाली आहे, आपण बोललो तर त्याचे नुकसान होईल असे तिला वाटते. यावर अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

स्वरांकुर

मी व्यवसायाने वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे, म्हणून वाटसरू यांच्या दोन्ही शंकांविषयी लिहितो.

चित्रे, खुणा किंवा बोलके अॅप वापरल्यामुळे मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे त्यामुळे थोडे वाढते. ते स्वाभाविकही आहे, कारण दर वेळी चित्र दिल्यावर मूल तो शब्द योग्य क्षणी, आपल्याला हवे असलेल्या वस्तूबरोबर ऐकते. ज्या मुलाला बोलता येते ते बोलण्याचा सोपा मार्ग सोडून कार्ड शोधत बसत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' नावाचे अॅप मराठीत आहे आणि मोफत आहे, तेही पाहावे. पण कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे आधी देवाणघेवाण हातांनी शिकवावी. मोबाइल हातात आला की लहान मुलाला त्यात अॅपपेक्षा इतर आकर्षणे अधिक दिसतात.

भाषेविषयी तर मी आग्रहाने सांगेन की आजीला आजच्या आज बोलायला सांगा. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाचा कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ साली अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकभाषी घरांतल्या मुलांच्या तुलनेत त्यांची भाषा अधिक उशिरा आल्याचे दिसले नाही, आणि त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही तोच आहे. आईवडिलांना न जमणारी इंग्रजी त्यांनी मुलाशी बोलली तर ती तोकडी होते. गाणे, लाड, राग, गंमत हे सगळे त्यातून गळते आणि मुलाच्या कानावर फक्त 'सिट', 'कम', 'ईट' पडते. ज्या मुलाला माणसांशी जोडून घेणेच अवघड जाते, त्याच्या घरातली सर्वांत बोलकी व्यक्ती गप्प करणे हा उपचार असू शकत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. तज्ज्ञ फक्त मोठ्या शहरांत आहेत हे खरे असले, तरी घरच्यांनी केलेल्या कामाला कमी लेखू नये. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण केले आणि ते आईबरोबर बसून पाहिले. मूल कुठे क्षणभर आपल्याकडे वळले आणि आपण कुठे त्याच्या आधी घाई केली, हे आईला पडद्यावर दिसत असे. या घरांत मुलांनी स्वतःहून आईवडिलांशी संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. वाटसरू, तुमच्या फोनवर असे पाच मिनिटांचे चित्रीकरण करून शांतपणे पाहिलेत, तरी बरेच काही कळेल.

ओसरी

माझे वय ७४ आहे. आमच्या लहानपणी गावात असा एक मुलगा होता, त्याला सगळे 'खुळा' म्हणत. तो दिवसभर विहिरीच्या रहाटाकडे पाहत बसायचा आणि संध्याकाळी त्याची आई त्याला हाताला धरून घरी न्यायची. हे वाचताना तो आठवला. पूर्वी अशी मुले नव्हती असे जे म्हणतात, त्यांना ती दिसत नव्हती एवढेच. वाटसरू, तुमच्या आईला माझा निरोप सांगा की नातवाला मांडीवर बसवून खुशाल 'अडगुलं मडगुलं' म्हणावे, आणि शेवटचा शब्द म्हणण्याआधी जरा थांबावे. मी माझ्या नातीशी असेच करते. तिला कोणतेही निदान झालेले नाही, तरीही त्या थांबण्यात मूल काय करते ते पाहण्यासारखे असते.

सातासमुद्रापार

आम्ही जर्मनीत राहतो आणि आमची मुलगी ९ वर्षांची आहे. तिच्या शाळेत जर्मन, घरात मराठी आणि दूरदर्शन संचावर इंग्रजी, असा तीन भाषांचा कारभार आहे. इथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारले होते की तुम्ही स्वप्ने कोणत्या भाषेत पाहता, आणि मी मराठीत म्हटल्यावर, मग मुलीशी त्याच भाषेत बोला, असे सांगितले. मुलगी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणते. तिला उचलून घ्यायला हवे असले की ती "ये गं, दमलीस का" असे म्हणते, कारण माझी आई पुण्यात असताना तिला तसे म्हणून उचलत असे. पूर्वी मी हे पोपटपंची समजून दुर्लक्षिले असते, पण त्या वाक्यात तिचा पूर्ण अर्थ असतो, फक्त तो तिच्या बाजूने मांडलेला नसतो. मी आता उत्तर म्हणून "दमले मी, मला घे" असे तिच्या तोंडचे वाक्य म्हणते आणि उचलते.

मुलींच्या पालकांना एक सांगावेसे वाटते. मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते, कारण त्या वर्गात इतरांची नक्कल करून निभावून नेतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शाळा "इथे तर अगदी शहाण्यासारखी वागते" म्हणाली, तरी घरी दिसते त्यावर विश्वास ठेवा.

धाकटी बहीण

कृष्णाकाठ ताई, लेख चांगला आहे, तरीही त्यात एक पोकळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा मोठा भाऊ स्वमग्न आहे. तो ३१ वर्षांचा आहे आणि मी २७. आमच्या आईनेही तुमच्यासारखेच केले, तक्ते केले, चित्रे केली, दादाला बसने एकटे जाता येईल इथवर आणले, आणि याबद्दल मला तिचा अभिमान आहे. पण माझी चित्रकलेची स्पर्धा, माझा दहावीचा निकाल, माझा ताप हे सगळे 'दादाचं आवरलं की बघू' या वाक्याखाली गेले. दादाला 'नको' म्हणायचे कार्ड होते. मला ते नव्हते, कारण मला बोलता येत होते आणि समजूतदार मुलीने नको म्हणायचे नसते. लेखांमधून आईचे कष्ट वाचून लोक हळहळतात आणि अशा घरांतल्या दुसऱ्या मुलांना आपोआप सेवक करून टाकतात. "आमच्यानंतर बहीण आहेच" हे वाक्य माझ्यासमोर मी आठवीत असल्यापासून बोलले जाते. मी दादाला सांभाळीन, कदाचित आनंदाने सांभाळीन, पण मला एकदा तरी कोणी विचारावे अशी माझी अपेक्षा आहे.

कृष्णाकाठ

धाकटी बहीण, तुझे म्हणणे पूर्ण मान्य आहे. आम्हाला एकच मूल असल्यामुळे हा भाग माझ्या लेखात आला नाही, पण माझ्या जावेच्या दोन्ही मुली आमच्याच वाड्यात वाढल्या आणि तू लिहितेस ते मी त्यांच्याबाबतीत पाहिले आहे. थोरलीने तिच्या वाढदिवसाला "या वेळी दादाला आणू नका" असे स्पष्ट सांगितले, तेव्हा घरात मोठा गहजब झाला होता. मी तिच्या बाजूने उभी राहिले. तिचे म्हणणे तिने मोजक्या शब्दांत आणि कोणाला न दुखावता सांगितले होते, आणि आम्ही त्याच घरात वर्षानुवर्षे एका मुलाला नेमके हेच शिकवत होतो. तिला मात्र त्यासाठी रागावायचे, यात काही न्याय नव्हता. "बहीण आहेच" याविषयी तर, भावंडांना विचारल्याशिवाय कागदावर त्यांचे नाव घालूच नये.

वाटसरू, तुम्हाला एक व्यवहारातली सूचना करते. पहिल्या चित्रासाठी त्याची खरोखरची आवडती वस्तू निवडा, आपल्याला योग्य वाटते ती निवडू नका. एका ओळखीच्या घरात सफरचंदाने सुरुवात केली होती. मुलाला सफरचंद अजिबात आवडत नव्हते आणि पद्धतच कुचकामी ठरवून ती लोकं मोकळी झाली. तुमच्या मुलाला पंख्याचे बटण चालू-बंद करायला आवडत असेल, तर पंख्याच्या बटणाचा फोटो घ्या.

दप्तरी

मूळ लेखात मुलगा पुढच्या वर्षी १८ वर्षांचा होणार असे आहे, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो. माझ्या पुतणीसाठी आम्ही ही प्रक्रिया पूर्ण केली आहे.

१८ वर्षे पूर्ण झाली की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे हा प्रश्न येतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व मिळते, न्यायालयात जावे लागत नाही. पालक नेमल्यानंतर ६ महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची आणि तिच्या मालकीच्या इतर गोष्टींची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी हिशेबही सादर करावा लागतो. हे बरेच जण विसरतात. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि थेरपीच्या खर्चाचाही ठरावीक भाग परत मिळतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र आधी हवे. स्वमग्नतेसाठी ते 'आयसा' या भारतीय मापनश्रेणीवर दिले जाते, तीत ४० बाबी असतात आणि प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण असतात. तपासणीच्या दिवशी मूल शांत असले तर गुण कमी पडतात, म्हणून घरातल्या अडचणींची लेखी टिपणे आणि शक्य असल्यास चित्रफिती बरोबर न्याव्यात.

एका गोष्टीचा विचार अर्जाआधीच करावा. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही तरतूद आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीबरोबर मिळून, तिच्या इच्छेप्रमाणे आणि ठरावीक बाबीपुरताच घ्यायचा असतो. आपल्या मुलाला कोणत्या बाबतीत स्वतः निर्णय घेता येतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी सरसकट पूर्ण पालकत्वाचा अर्ज करण्याआधी वकिलाशी बोलावे.

कृष्णाकाठ

दप्तरी, मनःपूर्वक आभार. मर्यादित पालकत्वाची तरतूद माझ्या यजमानांच्या वाचनात आली होती, पण प्रत्यक्षात ती कोणी वापरली आहे का, हे आम्हाला कळत नव्हते. बँकेचे व्यवहार त्याला जमणार नाहीत हे स्पष्ट आहे. मात्र कोणाबरोबर राहायचे, कोणत्या कार्यशाळेत जायचे आणि कोणत्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचे नाही, हे तो फोटोंतून निवडतो आणि त्याची निवड दर वेळी तीच असते. मागच्या वर्षी आम्ही दोन कार्यशाळांचे फोटो त्याच्यापुढे ठेवले होते. जिथे यंत्राचा आवाज होता तो फोटो त्याने उलटा करून बाजूला ठेवला, आणि तो आज दुसऱ्या ठिकाणी कागदी पिशव्या करतो. अशा निवडीची नोंद तारखेनिशी ठेवली, तर समिती किंवा न्यायालय ती त्याची इच्छा म्हणून ग्राह्य धरेल का? सांगली, कोल्हापूर किंवा सातारा जिल्ह्यात कोणी अलीकडे स्थानिक स्तर समितीपुढे गेले असेल, तर सुनावणीच्या वेळी मुलाला प्रत्यक्ष काही विचारले का आणि त्याला उत्तर देण्यासाठी आपली चित्रे वापरू दिली का, एवढे कृपया कळवावे. अर्ज भरायला आम्ही दिवाळीनंतर बसणार आहोत.